वेगवान हवा असेल, तर जुना निवडा

टीव्हीखाली ठेवलेल्या छोट्या डब्यातून मोठा सिनेमा चालवायचा, तर अडचण चित्र दाखवणाऱ्या चिपपाशी येईल असं सहज वाटतं. पण बऱ्याच डब्यांत ती येते जाळ्याच्या तारेपाशी. २०१६ च्या सुमाराला बाजारात आलेली ॲमलॉजिकची एस९०५एक्स ही चिप याचा नमुना आहे. दहा बिटांचं एचईव्हीसी ४के चित्र ती हार्डवेअरमध्येच उलगडते. अगदी स्वस्त अँड्रॉइड डब्यांतही ती बसली आणि ‘ल पोटॅटो’ नावाच्या छोट्या बोर्डावरही. मात्र तिच्या पोटातलं इथरनेट १०० मेगाबिटचं, आणि यूएसबीची दारं दुसऱ्या पिढीची. १०० मेगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात चौऱ्याण्णव-पंचाण्णव मेगाबिट हाती लागतात. यूएचडी ब्लू-रेवरून जशाच्या तशा उतरवलेल्या फायलीची सरासरी त्याखाली असली, तरी धुमश्चक्रीच्या प्रसंगांत ती सेकंदाला १०० मेगाबिटच्या पुढे उसळू शकते. मग नेमक्या चढत्या क्षणी पडद्यावर गोल फिरू लागतं. म्हणजे ४के दाखवण्याची ताकद डब्यात आहे, पण ते ४के डब्यापर्यंत आणणारा रस्ता अरुंद आहे.

यावरचा उपाय स्वस्त आणि प्रसिद्ध आहे: यूएसबीला लावायचा गिगाबिट इथरनेट अडॅप्टर. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट. शिष्टाचाराचा (प्रोटोकॉलचा) खर्च वजा जाता गिगाबिट अडॅप्टरमधून तीनशेच्या आसपास मेगाबिट मिळतात. २०१८ च्या रास्पबेरी पाय ३ बी प्लसमध्ये तर हीच युक्ती कारखान्यातच केलेली होती. त्याचं गिगाबिट इथरनेट आतून यूएसबी २.० वरच बसवलं होतं, आणि कंपनीनेही कमाल तीनशे मेगाबिट अशीच जाहिरात केली होती. गिगाबिटचा तिसरा हिस्साही हाती लागत नाही, यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. पण सिनेमाला हवेत शंभर-सव्वाशे आणि मिळतात तीनशे, एवढा हिशेब पुरेसा आहे. अट एकच, त्याच यूएसबीवर सिनेम्यांची हार्डडिस्क लटकलेली नसावी. तशी ती असेल तर दोघांना तेच ४८० मेगाबिट वाटून घ्यावे लागतात.

खरा प्रश्न यानंतर सुरू होतो, आणि तो दुकानात विचारला जात नाही. कोणता अडॅप्टर? खोक्यावरचा आकडा जितका मोठा तितकं चांगलं, ही आपली सवय. लिनक्सच्या मीडिया प्लेअरवर मात्र नेम बहुधा उलटा लागतो. तिथे वेगवान जोडणी हवी असेल, तर गरजेपुरता वेग देणारा सर्वांत जुना अडॅप्टर निवडावा. हे विक्षिप्त वाटेल, पण त्यामागचं कारण या डब्यांच्या घडणीतच आहे.

या डब्यांवर चालणारा कार्यक्रम म्हणजे कोडी. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रात फेरफार करणाऱ्या हौशी लोकांनी तो सुरू केला. पुढे तो एक्सबीएमसी म्हणून वाढला आणि २०१४ मध्ये त्याने आजचं नाव घेतलं. कोडी चालवण्यापुरतंच लिनक्स, बाकी काही नाही, या कल्पनेतून ओपनएलेक निघालं. २०१६ मध्ये त्यातून फुटून लिब्रेएलेक झालं, आणि २०१८ मध्ये लिब्रेएलेकमधून ॲमलॉजिकच्या डब्यांसाठी कोअरएलेक. या तिघांची घडण एकच. संपूर्ण प्रणाली एका दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फायलीत बंद असते. वापरणाऱ्याला लिहायला मोकळी जागा एकच, ‘स्टोरेज’ नावाचं दालन. डेबियन किंवा उबंटूसारखा पॅकेजांचा बाजार इथे नाही, कंपायलर नाही, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, हेडर फायली नाहीत. वीज गेली, कुणी मधेच प्लग ओढला, तरी प्रणालीचं काही बिघडत नाही, कारण तिच्यावर कुणी लिहीतच नसतं. दिवाणखान्यातल्या यंत्राला हा गुण फार मोलाचा आहे. त्याची किंमत अशी, की अडॅप्टरचा ड्रायव्हर त्या बंद फायलीत आधीपासून नसेल, तर मागाहून तो घालायला साधी वाट नाही.

आता मधली गाठ. ड्रायव्हर कर्नलबरोबर येतो, तेव्हा कर्नल जितकं नवं तितके ड्रायव्हर जास्त. मग नवं कर्नल का घालत नाहीत? कारण चित्र. ॲमलॉजिकचा व्हिडिओ उलगडणारा भाग आणि एचडीआरची सोय पूर्णपणे चालते ती कंपनीने स्वतः फेरफार केलेल्या कर्नलवर. मुख्य प्रवाहातल्या लिनक्समध्ये ती कामं हळूहळू आणि अर्धीमुर्धी उतरली. म्हणून कोअरएलेकने कंपनीचंच कर्नल धरलं, आधी ३.१४, मग नव्या चिपसाठी ४.९. मुख्य लिनक्समध्ये ३.१४ निघालं मार्च २०१४ मध्ये आणि ४.९ डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे या कर्नलांवर चालणारा डबा कितीही नवा असो, त्याचं जाळ्याविषयीचं ज्ञान त्या त्या वर्षी थांबलेलं. ४के एचडीआर नीट दिसायचं तर कर्नल जुनं हवं आणि नवा अडॅप्टर ओळखायचा तर नवं, या दोन मागण्या एकाच फायलीत भांडतात. मीडिया प्लेअरमध्ये चित्र जिंकणार हे उघड आहे, आणि ते बरोबरही आहे.

या चौकटीत बाजारातल्या चिपांकडे पाहिलं की निवड जवळपास आपोआप होते. यूएसबी ३.० चे गिगाबिट अडॅप्टर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, पण पोटात बहुतेकदा दोनच घराण्यांपैकी एकाची चिप असते: ॲसिक्सची एएक्स८८१७९ किंवा रिअलटेकची आरटीएल८१५३. पहिलीचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये २०१३ मध्ये आला. रिअलटेकचा ‘आर८१५२’ हा ड्रायव्हरही त्याच वर्षीचा, आणि ८१५३ ची ओळख त्यात लवकरच घातली गेली. दोन्ही चिपांची सोय ३.१४ पर्यंत झालेली, म्हणून थकलेल्या कर्नलनाही त्या ठाऊक आहेत. खोक्यावर यापेक्षा मोठा आकडा मिरवते ती आरटीएल८१५६, अडीच गिगाबिटची. अडीच गिगाबिटचं मानक २०१६ मध्ये ठरलं, आणि या चिपला ‘आर८१५२’मध्ये जागा मिळाली ती २०२१ च्या ५.१३ या कर्नलमध्ये. त्याआधीच्या कर्नलवर ती अगदीच मुकी नसते. अशा चिपा यूएसबीच्या सर्वसाधारण ‘सीडीसी’ शिष्टाचारातही बोलतात, त्यामुळे ‘सीडीसी एनसीएम’ हा सामान्य ड्रायव्हर तिला हाती घेतो आणि जोडणी होते. पण चिपच्या खास सोयी हातात येत नाहीत. शिवाय २५०० मेगाबिटची जोडणी झाल्याची तीच ती ओळ कर्नलच्या नोंदवहीत पुन्हा पुन्हा उमटत राहायची. आणि हे सगळं सोसायचं कशासाठी? यूएसबी २.० च्या दारात अडीच गिगाबिटची चिप आणि एक गिगाबिटची चिप सारख्याच तीनशेवर अडतात.

एक आक्षेप नेहमी येतो: विंडोजवर हेच अडॅप्टर खोचताच चालतात, म्हणजे खोट लिनक्सची. यात अर्धं सत्य आहे. विंडोजसाठी ड्रायव्हर लिहायचा पैसा चिप बनवणारी कंपनी खर्च करते. काही वायफाय अडॅप्टर तर प्रथम स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून पेश करतात, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर त्या खोट्या सीडीवरूनच चढवता यावा. लिनक्सवर मग ‘यूएसबी मोडस्विच’ नावाच्या कार्यक्रमाने त्यांना आधी भानावर आणावं लागतं. मुळात लिनक्सच्या कर्नलने आपल्या आतल्या जोडण्या स्थिर ठेवण्याचं वचन कधी दिलेलंच नाही. कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक असलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजात ते स्पष्ट लिहून ठेवलं आहे: ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्या, मग आतलं काही बदललं तर बदलणाराच तुमचाही ड्रायव्हर दुरुस्त करील. बाहेर ठेवलात तर दर आवृत्तीला तुम्हीच निस्तरा. हा नियम कठोर आहे, पण २०१३ चा अडॅप्टर आजही निमूट चालतो तो याच नियमामुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. जुन्या कर्नलमध्ये नवा ड्रायव्हर मागे आणता येतो की! येतो. रिअलटेक स्वतः ‘आर८१५२’चा सुटा मजकूर देते, कोअरएलेकचे कर्तेही असं काम करत आले आहेत, आणि लिब्रेएलेकचा संपूर्ण मजकूर उघडा असल्याने ज्याला जमतं तो घरी आपली प्रणाली बांधून घेऊ शकतो. पण ‘येतो’ आणि ‘कुणीतरी आणत राहतं’ यांत अंतर आहे. मागे आणलेला ड्रायव्हर हा आणणाऱ्याच्या सवडीवर जगतो. ज्याला कर्नल बांधण्यात रस आहे त्याने जरूर बांधावं. रविवारी संध्याकाळी घरच्यांसोबत सिनेमा बघायचा आहे त्याच्यासाठी हे उत्तर नव्हे.

‘जुना घ्या’ या सल्ल्यालाही एक भोक आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. चिपचं नाव जुनं असलं तरी आवृत्ती नवी असू शकते. ८१५३ ची ‘बी’ ही पुढची आवृत्ती ‘आर८१५२’मध्ये शिरली २०१८ मध्ये, म्हणजे ४.९ नंतर. दुकानातल्या खोक्यावर हा फरक लिहिलेला नसतो. वायफायच्या बाजारात तर हे राजरोस चालतं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आली. नाव तेच, ड्रायव्हर सर्वस्वी वेगळा. म्हणून अडॅप्टर विकत घेताना परत करायची सोय असलेला बरा, आणि घरी आणल्यावर पहिलं काम ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा चालवून ओळखक्रमांक पाहण्याचं. ०बीडीए हा रिअलटेकचा, ०बी९५ हा ॲसिक्सचा. त्याच आज्ञेला ‘-टी’ जोडलं की उपकरण ४८० वर जोडलं गेलंय की ५००० वर, हेही दिसतं. यूएसबी ३.० च्या निळ्या दारात खोचलेला अडॅप्टर कधी कधी कच्च्या केबलमुळे मुकाट्याने ४८० वर उतरलेला असतो, आणि इकडे दोष मात्र कोडीच्या माथी मारला जातो. कधी अडचण जाळ्यावरून फोल्डर वाटण्याच्या शिष्टाचारातही असते. सामायिक फोल्डर एसएमबीऐवजी एनएफएसवरून उघडला, तर त्याच तारेतून पुष्कळदा जास्त मिळतं. हा बदल फुकट आहे, तो अडॅप्टरच्या आधी करून पाहावा.

चौथ्या पिढीच्या रास्पबेरी पायवर हा सगळा खटाटोप जवळपास संपतो. २०१९ च्या या बोर्डावर इथरनेट खरंखुरं गिगाबिट आहे आणि यूएसबी ३.० वेगळ्या वाटेने येतं. तिथे अडीच गिगाबिटचा अडॅप्टर लावता येतो, पण सिनेम्यासाठी तो लावण्याचं कारण सापडत नाही. नवा डबाच का घेऊ नये, याचं उत्तर ज्याच्या त्याच्या खिशात आहे. चालू डब्यावर चित्र नीट येत असेल, तर केवळ तारेसाठी तो टाकून देणं मला उधळपट्टी वाटते.

राहिलं वायफाय. तार ओढायला नको, हा मोह मोठा आहे, आणि खोक्यावरचे आकडेही मोहातच पाडणारे. ‘एसी१२००’ म्हणजे एका पट्ट्यावरचे ३०० आणि दुसऱ्यावरचे ८६७ मिळून केलेली बेरीज; सिनेमा मात्र एका वेळी एकाच पट्ट्यावरून येतो, तोही मधल्या भिंती पार करून. त्यात यूएसबी ३.० ची स्वतःची कुरबुर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मिसळते, हे इंटेलने २०१२ मध्येच कागदावर मांडलं होतं. आरटीएल८८१२एयू या फार खपलेल्या चिपच्या बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये तिला यूएसबी २ वर ठेवायचं की ३ वर न्यायचं, याचा वेगळा खटकाच आहे. ही चिप वर्षानुवर्षं बाहेरच्या ड्रायव्हरवर जगली. कर्नलची आवृत्ती बदलली की तो मोडायचा, कुणीतरी हौसेने जोडायचा, पुन्हा मोडायचा. मुख्य कर्नलमध्ये तिची सोय झाली ती २०२५ मध्ये, जेव्हा बाजार तिच्या पुढच्या दोन पिढ्या विकत होता. त्याउलट मीडियाटेकची एमटी७६१२यू ही त्याच दर्जाची चिप २०१८ पासून ४.१९ मध्ये आहे. वायफायच हवं असेल आणि डब्यावरचं कर्नल निदान तेवढं नवं असेल, तर तीच शोधावी. जुन्या कर्नलवर अडकलेल्या एस९०५एक्सच्या डब्याला मात्र ही दोन्ही वर्षं उशिराची. त्याच्यासाठी २०१३ सालच्या ड्रायव्हरवर चालणारा गिगाबिट अडॅप्टर आणि भिंतीच्या कडेने नेलेली तार, हाच सौदा आहे.