शहराचं नाव बदललं, वेबसाईटच्या किती फाईल्स बदलायच्या?

आपल्या छत्रपती संभाजीनगरचंच उदाहरण घेऊन आज समजून घेऊया, वेब ॲपमधल्या टेम्पलेट फाईल्स नीट कशा लावायच्या.

टेम्पलेट म्हणजे पानाचा साचा. तुम्ही मोबाईलवर साईट उघडता, तेव्हा सर्व्हर या साच्यात नाव, तारीख, फी अशी माहिती भरतो आणि तयार पान पाठवतो.

समजा, एका क्लासच्या साईटला ४० पानं आहेत आणि प्रत्येक फाईलच्या तळाशी पत्ता वेगळा टाईप केलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं. आता ४० फाईल्स उघडा! एक जरी सुटली तरी प्रवेश अर्जावर एक नाव आणि फीच्या पावतीवर दुसरं.

'फाइंड अँड रिप्लेस' मारलं की झालं, असं वाटेल. पण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. अर्जातल्या यादीत तोही बदलून जाईल! शिवाय आपल्या जिल्ह्याचं नाव सप्टेंबर २०२३ मध्ये बदललं. मधले काही महिने शहराचं नाव नवं, जिल्ह्याचं जुनं.

म्हणून जँगोमध्ये काम करताना मी अशी मांडणी ठेवतो :

१. एकच बेस फाईल : वरची पट्टी, मेनू, तळाचा पत्ता फक्त इथे. बाकी पानं 'एक्स्टेंड्स' लिहून हा साचा घेतात आणि 'ब्लॉक'मध्ये आपापला मजकूर भरतात.

२. तुकड्यांचा फोल्डर : अनेक पानांवर लागणारे छोटे भाग इथे ठेवायचे आणि हवे तिथे 'इन्क्लूड' करायचे.

३. ॲपच्या नावाचा फोल्डर : प्रत्येक ॲपच्या 'टेम्पलेट्स' फोल्डरमध्ये त्याच ॲपच्या नावाचा आणखी एक फोल्डर. नाहीतर फी आणि परीक्षा, दोन्हीकडे 'लिस्ट' नावाची फाईल असली, तर जँगो आधी सापडेल ती उचलतो.

४. नावं सेटिंग्जमध्ये : शहर आणि जिल्हा वेगवेगळे लिहायचे. काँटेक्स्ट प्रोसेसर ते सगळ्या टेम्पलेट्सपर्यंत पोचवतो.

लाराव्हेल किंवा फ्लास्क वापरत असाल, तरी 'एक्स्टेंड्स' आणि 'इन्क्लूड' तिथेही आहेत.

फक्त एक लक्षात ठेवा : २०२२ ची पावती आज पुन्हा काढली, तर तिच्यावर तेव्हाचाच पत्ता यायला हवा. म्हणून पावती देतानाचा पत्ता पावतीसोबत डेटाबेसमध्ये साठवा. साचा बदलता येतो, दिलेला कागद नाही.