पावलांचा आवाज

संगणकावरचा खेळ म्हटला की आपल्या मनात येतात त्या बंदुका, मोटारींच्या शर्यती आणि आदळआपट. १९९८ साली मात्र असा एक खेळ बाजारात आला की ज्यात नायकाने शक्यतो कुणाशी मारामारी करायची नाही, धावायचंसुद्धा जपून. अंधारात उभं राहायचं आणि ऐकायचं. त्याचं नाव 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट'. थीफ म्हणजे चोर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजमध्ये 'लुकिंग ग्लास स्टुडिओज' नावाची कंपनी होती, तिने तो तयार केला. कंपनी २००० सालच्या मे महिन्यात बंद पडली, पण तिचा हा चोर अजून फिरतो आहे. १९९८ सालीच जपानमधून 'मेटल गिअर सॉलिड' आला आणि लपतछपत खेळायच्या खेळांची एक वेगळी जातच रूढ झाली. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून पोरं ज्याच्यापुढे बसायची तो 'आयजीआय'ही थोडाफार याच जातीचा. पण त्यात बंदूक फार.

पन्नाशी उलटल्यावर हा चोर मी पहिल्यांदा खेळलो. आणि तोही कुठे, तर शनिशिंगणापुरात!

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातलं हे गाव आपल्या सर्वांच्या ऐकण्यातलं आहे. घराला दार लावायचं नाही, कडी-कोयंडा नाही, कुलूप नाही. कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून कुणी फळी आडवी लावतो, कुणी पडदा सोडतो. राखण शनिदेव करतो ही गावाची श्रद्धा, आणि त्याची शिळाही उघड्या चौथऱ्यावर, माथ्यावर छप्पर नाही. कॉलेजातल्या माझ्या एका मित्राचं घर तिथे आहे. त्याचा मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत. तो सुट्टीला आला होता. जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही कवी माणूस. तुम्हाला हा खेळ जमेल." कवितेचा इथे काय संबंध, ते मला लगेच उमगलं नाही.

खेळातल्या चोराचं नाव गॅरेट. अनाथ पोर, लहानपणी खिसे कापून पोट भरलेलं. त्याची पहिली मोठी कामगिरी म्हणजे बॅफर्ड नावाच्या सरदाराच्या वाड्यातून राजदंड पळवायचा. पुढच्या दरवाज्यावर पहारा, म्हणून बाजूच्या विहिरीत उतरून, पाण्यातून तळघरात शिरायचं. पडद्याच्या तळाशी एक मणी दिसतो. आपण उजेडात आलो की तो लखलखतो, अंधारात गेलो की विझत जातो. आपण दुसऱ्याला किती दिसतो आहोत, हे सांगणारा मणी! मशाल आड येत असेल तर पाण्याचा बाण मारून ती विझवायची.

पण खरी गंमत पायाखाली आहे. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, गवतावरही फारसं वाजत नाही. फरशीवर वाजतं, आणि लोखंडी जाळीवर तर घण मारल्यासारखं. त्यासाठी चोराच्या भात्यात शेवाळाचा बाण असतो. तो जमिनीवर मारला की मऊ हिरवं अंथरूण तयार होतं आणि त्यावरून निवांत जाता येतं. पहारेकरीही एकदम अंगावर येत नाही. आधी त्याला नुसती शंका येते, तो स्वतःशी पुटपुटतो. मग शोधायला निघतो. दिसलात तर तलवार आहेच. सगळ्यात अवघड पातळी निवडली, तर या वाड्यात कुणाचा जीव घ्यायला मनाई आहे. एक माणूस मेला की डाव संपला. चोराची अब्रू राखण्याची ही रीत मला आवडली.

पहारेकऱ्याच्या चालीला एक वजन असतं. इतकी पावलं, मग वळण, वळणावर किंचित थांबणं, पुन्हा तितकीच पावलं. पद्यात जिला आपण यती म्हणतो ती जागा हेरायची आणि तेवढ्यात पलीकडे व्हायचं. मुलगा जे म्हणाला होता त्याचा अर्थ तेव्हा लागला.

तसं पाहिलं तर ही विद्या आपल्याला नवी नाही. देवलांच्या 'मृच्छकटिका'मुळे मराठी नाटकवेड्यांना शर्विलक माहीत आहे. शूद्रकाच्या मूळ नाटकात, तिसऱ्या अंकात, तो चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. जुनं दार करकरतं म्हणून त्यावर पाणी टाकतो, आणि त्या पाण्याचा आवाज होईल म्हणून पुन्हा धास्तावतो. दिवा विझवायला तर त्याने एक किडा बाळगलेला असतो. तो सोडला की पंखांच्या वाऱ्याने ज्योत जाते. पाण्याच्या बाणाचा हा थोरला भाऊच म्हणायचा.

आता दाराकडे येऊ. या खेळातला आवाज भिंतीतून आरपार येत नाही. कोणती खोली कोणत्या खोलीला जोडलेली आहे, याचा नकाशा करणाऱ्यांनी आतच भरून ठेवला आहे. आवाज त्या मोकळ्या वाटेने, वळसे घेत, आपल्या कानी येतो आणि पहारेकऱ्याच्याही. वाटेत बंद दार आलं की तो दबतो. म्हणून मुरलेला चोर आत शिरल्यावर मागचं दार हळूच लावून घेतो. दार घरमालकाने केलेलं, पण एकदा आत गेल्यावर ते चोराच्या बाजूचं होतं.

हे ध्यानात आलं तेव्हा मी हेडफोन काढला. त्या घरात शेजारच्या घरातलं खोकणं, वाटेवरून जाणाऱ्याची चप्पल, पलीकडच्या गोठ्यातल्या दावणीची हालचाल, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तिथे आवाजाला अडवायला काही नव्हतंच. शनीवर श्रद्धा ठेवणारा ठेवील, न ठेवणारा न ठेवील, पण असं घर रात्रभर कानांनी जागं असतं एवढं खरं.

तरी गाव काही चित्रातलं नाही. २०१० नंतर इथेही चोऱ्यांच्या बातम्या आल्या. युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये बिनकुलपाची शाखा म्हणून गाजावाजा करून इथे शाखा काढली, तिलाही काचेचं दार ठेवावं लागलं. २०१५ साली पोलीस ठाणं झालं. आणि २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे उकळल्याचं प्रकरण विधानसभेत गाजलं. त्या चोराचं पाऊल कुठल्याच फरशीवर वाजलं नसणार.

मित्राच्या घरात वेगळाच पेच आहे. मुलाला आजीला पुण्याला न्यायचं आहे. तिला मोतीबिंदू झालाय, दवाखाना तिथे जवळ. ती एकदा महिनाभर राहून आली आणि आता नाही म्हणते. पुण्याच्या फ्लॅटला बाहेर लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी दार, दोन कुलपं. "बंद दाराआड झोपच लागत नाही रे बाबा," ती मला म्हणाली. "कोण आलं, कोण गेलं, काही कळंना. मेल्यासारखं वाटतं." मुलाला इथे, उघड्यावर, म्हातारीची काळजी वाटते. दोघांचंही खोटं नाही, आणि मित्र बिचारा मध्ये बसून तंबाखू मळत असतो.

त्या रात्री नातवाने गमतीने हेडफोन तिच्या कानाला लावला. पडद्यावरचं तिला दिसत नव्हतंच. तिने जरा वेळ ऐकलं, मान एका बाजूला कलती केली. "बूट घातलेला माणूस हाय. फरशीवरून चाललाय," ती म्हणाली. मग हात वर करून नातवाला थांबवलं. "दम धर. वळला. आता लांब चाललाय... हां, जा."

नातवाने बटण दाबलं. पोरगा विनासायास जिन्यापर्यंत पोचला.