फुटलेल्या काचेची साक्ष

खुनाचा खटला म्हटला की पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेणारा साक्षीदार आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण काही खटल्यांत घडलेली गोष्ट पाहणारा कोणी नसतोच. मग बोलते करावे लागते ते दगडाला, काचेला, सुरीला. अशा मुक्या साक्षीदारांची उलटतपासणी कशी होते, आणि खालच्या कोर्टात एक बोललेली काच अपिलात दुसरेच कशी बोलू लागते, हे इटलीतल्या एका खटल्यावरून आज पाहू या.

मध्य इटलीत पेरूजा नावाचे डोंगरावर वसलेले जुने शहर आहे. विद्यापीठाचे गाव, त्यामुळे देशोदेशींची मुले तिथे शिकायला येतात. गावाच्या कडेला एका उतारावरील घराच्या वरच्या मजल्यावर चार मुली भाड्याने राहत. दोघी इटालियन, एक अमेरिकन, तिचे नाव अमांडा नॉक्स, आणि एक इंग्रज, मेरेडिथ कर्चर. 1 नोव्हेंबर 2007 ची रात्र. सणाची सुटी, दोघी इटालियन मुली बाहेर गेलेल्या, खालच्या मजल्यावरची मुलेही आपापल्या गावी. त्या रात्री एकवीस वर्षांच्या मेरेडिथचा तिच्याच खोलीत गळा चिरून खून झाला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले ते खुनासाठी नव्हे. मेरेडिथचे दोन मोबाईल फोन कुणाच्या तरी बागेत सापडले होते, त्यांची चौकशी करायला आले. पाहतात तो एका इटालियन मुलीच्या खोलीची खिडकी फुटलेली, आत एक मोठा दगड पडलेला, कपडे इतस्ततः फेकलेले. मेरेडिथच्या खोलीचे दार मात्र कुलूपबंद. ते फोडले तेव्हा सारे उघड झाले.

आता ही फुटलेली खिडकी नीट लक्षात ठेवा, कारण पुढची आठ वर्षे खटला बराचसा तिच्याभोवतीच फिरला. चोर खरोखर खिडकीतून शिरला असेल, तर खून करणारा बाहेरचा. पण घरफोडीचा नुसता बनाव असेल, तर तो करण्याची गरज कोणाला? ज्याच्याजवळ दाराची किल्ली होती आणि ज्याला संशय दुसरीकडे वळवायचा होता त्याला. आणि किल्ली जवळ असलेल्यांपैकी पोलिसांचा संशय वळला तो अमांडाकडे.

पोलिसांनी बनाव म्हटले ते उगीच नव्हे. त्यांचे म्हणणे असे : काचेचे तुकडे विस्कटलेल्या कपड्यांच्या वर पडले होते. म्हणजे आधी कपडे फेकले आणि काच मागून फोडली. खरा चोर आधी काच फोडील, मग उचकापाचक करील. शिवाय खिडकी जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे चांगली दोन पुरुष उंच. भिंतीवर चढल्याच्या खुणा नाहीत. आणि खोलीतल्या किमती वस्तू जागच्या जागी. हा कसला चोर?

ऐकताना हे पटते. मलाही पहिल्यांदा वाचताना पटले. पण बचावाच्या वकिलांनी एकेक दुवा ओढून पाहिला. काच कपड्यांच्या वर होती हे खरे, पण खालीही तुकडे होते. आणि पोलिसांच्या तज्ज्ञांनी खोलीची छायाचित्रे घेतली त्याच्या आधीच ती मुलगी खोलीत जाऊन आपल्या वस्तू पाहून, काही हलवून आली होती. कोणाच्याही घरात चोरी झाली तर तो हेच करणार, त्यात तिचा दोष नाही. पण मग कपडे आणि काच मूळ कशी होती हे ठामपणे कोण सांगणार? दगडाचे वजन सुमारे चार किलो. तो बाहेरूनच फेकला गेला, हे दाखवायला बचावाने तज्ज्ञ उभा केला. उंचीचे म्हणाल, तर खाली दुसऱ्या खिडकीला लोखंडी गज होते; त्यांवर पाय ठेवून तरण्या माणसाला वर पोचता येते, असे त्यांनी मांडले.

इथे तिसरे नाव येते. रूडी गेडे नावाच्या तरुणाच्या तळव्याचा रक्ताळलेला ठसा मेरेडिथच्या खोलीतल्या उशीवर मिळाला, त्याचा डीएनए तिच्या शरीरावर मिळाला. तो जर्मनीला पळाला होता, तिथून पकडून आणला. त्याच ऑक्टोबरात पेरूजातल्या एका वकिलांच्या कचेरीची वरच्या मजल्यावरची खिडकी दगडाने फोडून चोरी झाली होती, आणि तिथला संगणक थोड्याच दिवसांनी मिलान शहरात गेडेजवळ सापडला होता. कचेरी त्यानेच फोडली असे शाबीत झालेले नव्हते. पण दगड आणि उंच खिडकी ही जोडी बचावपक्ष सोडतो कशाला?

गेडेचा खटला वेगळा आणि झटपट चालला. 2008 मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती सोळा वर्षांवर आली. अमांडा आणि तिचा इटालियन मित्र राफाएले सोलेचितो ह्यांना डिसेंबर 2009 मध्ये अनुक्रमे 26 आणि 25 वर्षांची शिक्षा झाली. कोर्टाने घरफोडी हा बनावच मानला.

आता अपील म्हणजे काय ते थोडे समजून घेऊ. इटलीत खुनाच्या खटल्याचे पहिले अपील म्हणजे नुसती कागदपत्रांची फेरतपासणी नसते. दोन न्यायाधीश आणि सहा सामान्य नागरिक मिळून पुरावा पुन्हा ऐकू शकतात, नवे तज्ज्ञ नेमू शकतात. त्याच्या वरचे सर्वोच्च कोर्ट फक्त कायद्याचा आणि तर्काचा मुद्दा पाहते.

अपील कोर्टाने रोमच्या विद्यापीठातले दोन तज्ज्ञ नेमले आणि दोन वस्तू त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिली वस्तू, सोलेचितोच्या स्वयंपाकघरातली सुरी. मुठीवर अमांडाचा डीएनए, त्यात नवल नाही, ती तिथे स्वयंपाक करीत असे. पात्यावर मेरेडिथचा, असे पोलिसांच्या प्रयोगशाळेचे म्हणणे. पण पात्यावरचा अंश इतका थोडा होता की तपासणी दुसऱ्यांदा करून पाहता आली नाही. रक्ताची चाचणी तर नकारार्थी आली. उलट पात्यावर पिष्टाचे कण मिळाले. बचावाने विचारले, रक्त निघेपर्यंत सुरी घासली असेल, तर पिष्ट कसे राहिले?

दुसरी वस्तू मेरेडिथच्या आतल्या कपड्याचा आकडा. त्यावर सोलेचितोचा डीएनए मिळाला. खुनाच्या खोलीत त्याचे नाव घेणारी ही एकच खूण. पण हा आकडा पहिल्या दिवशी दिसला असूनही तिथेच राहिला आणि उचलला गेला तो 46 दिवसांनी, 18 डिसेंबरला. मधल्या काळात तो जागेवरून सुमारे दीड मीटर सरकला होता. उचलतानाच्या चित्रफितीत मोजे डागाळलेले दिसतात, आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. हळद लागलेल्या हाताने घरात चार भांडी उचलली, तर चारांवर हळद उतरते. भांडे काही सांगत नाही की हळद माझ्यात शिजली की हातावरून आली. डीएनएचेही तसेच आहे. तो कोणाचा हे यंत्र सांगते. तिथे कसा आला हे यंत्राला ठाऊक नसते. ते सांगायचे असते पंचनाम्याने. बरे, तज्ज्ञांनी पुन्हा तपासायला आकडा मागितला, तर ठेवणीत तो गंजून गेलेला!

3 ऑक्टोबर 2011 ला अपील कोर्टाने दोघांना सोडले. घरफोडीचा बनाव केल्याचा आरोपही टिकला नाही. दोघांनी तोवर जवळजवळ चार वर्षे तुरुंगात काढली होती. अमांडाने चौकशीच्या रात्री, वकील जवळ नसताना, एका निरपराध दारूगुत्तेवाल्याचे नाव घेतले होते आणि तो बिचारा दोन आठवडे कोठडीत बसला होता. त्या आरोपात मात्र ती दोषीच राहिली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2019 मध्ये त्या चौकशीला दोष दिला, तरी इटलीच्या सर्वोच्च कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये ती शिक्षा कायम केली.

पण सुटकेने खुनाचे प्रकरण मिटले नाही. सर्वोच्च कोर्टाने 2013 मध्ये सुटका रद्द केली. का? तर तुम्ही प्रत्येक पुरावा सुटा सुटा पाहिलात, सगळे एकत्र धरून पाहिले नाहीत. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. दोराचा एकेक पेड कच्चा असतो, पण वळला की त्याला बैल बांधता येतो. मात्र पेड कुजका असेल, तर कितीही वळला तरी दोर धरत नाही. माझ्या मते वाद होता तो नेमका इथे : हे पेड बारीक होते की कुजके?

फ्लॉरेन्सच्या कोर्टाने 2014 मध्ये पेड बारीक मानले आणि पुन्हा शिक्षा दिली, अमांडाला साडेअठ्ठावीस वर्षे. 27 मार्च 2015 ला सर्वोच्च कोर्टाने ते कुजके ठरवले, दोघांना कायमचे निर्दोष सोडले, आणि मागून दिलेल्या निकालपत्रात तपासातल्या ढिसाळपणावर कडक ताशेरे ओढले. इटलीच्या कायद्यात कलम आहे की पुरावा अपुरा किंवा परस्परविरोधी असेल, तर आरोपीला सोडलेच पाहिजे. त्याच कलमाखाली ही सुटका झाली.

मेरेडिथच्या आईवडिलांनी ह्या सगळ्या वर्षांत पाच निकाल ऐकले, आणि दर खेपेला आपल्या लेकीचा मारेकरी कोण ह्याचे उत्तर बदललेले पाहिले. गेडे 2021 मध्ये शिक्षा पुरी करून बाहेर आला. त्याच्या निकालात लिहिले आहे की हा गुन्हा त्याने इतरांबरोबर केला. ते इतर कोण, म्हणून ज्यांच्याकडे बोट होते ते दोघे निर्दोष ठरले. दोन निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा माझा खटला पुन्हा चालवा, असा अर्ज गेडेने केला होता. 2017 मध्ये फ्लॉरेन्सच्या कोर्टाने तो फेटाळला.