दातांची साखळी

कोकणातल्या घराघरांत स्वयंपाकाचा गॅस पोहोचून बराच काळ लोटला असला, तरी वैशाख अर्ध्यावर आला की आगोटीच्या बेगमीची जी यादी प्रत्येक घरात आपोआप तयार होते तिच्यातून लाकूडफाटा अद्याप खारीज झालेला नाही. न्हाणीघरामागच्या चुलीवर आंघोळीचे पाणी तापते ते लाकडावरच. लग्नमुंजीला आणि उत्सवाला जी मोठी पातेली चढवावी लागतात त्यांना गॅसची शेगडी पुरी पडत नाही. आणि मृग एकदा लागला म्हणजे कोरडे लाकूड जवळ नसणाऱ्याला धूर खात बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सबब मांगरात अथवा मागच्या पडवीत छपराला टेकेपर्यंत फाटी रचून ठेवण्याचा शिरस्ता आजही पाळला जातो.

ह्या शिरस्त्यामागे पूर्वी मनुष्यबळाची मोठी तजवीज असे. आडव्या पडलेल्या झाडाचे ओंडके, दोघांनी दोन टोकांना धरून ओढावयाच्या लांब करवतीने पाडावयाचे, मग ते कुऱ्हाडीने फोडावयाचे, आणि उन्हात वाळवून आत घ्यावयाचे, ह्या कामाला मजूर मिळत व त्यांना ते परवडतही असे. आता वाडीतले तरणे हात मुंबई-पुण्याच्या वाटेला लागले आहेत, मागे राहिलेल्यांना आंबा-काजूच्या हंगामातून उसंत नाही, आणि करवतीचे दुसरे टोक धरणारा माणूस मिळणे हीच मोठी अडचण होऊन बसली आहे.

अशा मुलखात 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर येऊन धडकले आणि रायगडच्या दक्षिण भागापासून दापोलीपर्यंतच्या वाड्यांतील नारळी, पोफळी, आंबे व सुरू ह्यांची एकच दाणादाण उडाली. रस्ते बंद, वीज बंद, घरांच्या कौलांवर माड आडवे. त्या वेळी खांद्यावर पेट्रोलची करवत घेऊन फिरणाऱ्या माणसाला जो मान मिळाला तो एरवी तालुक्याच्या साहेबालाही मिळत नसेल. ज्या यंत्राला लोक नुसते ‘कटर’ म्हणतात ते ह्या आपत्तीपूर्वी वखारवाल्यांचे व ठेकेदारांचे हत्यार होते. नंतर मात्र ते बागायतदाराच्या पडवीत ग्रासकटरच्या शेजारी खुंटीला लागले. आमच्या शेजारच्या एका बागायतदारांनी यंदा असेच एक नवे यंत्र घेतले, आणि त्याची पहिली चाचणी सरपणावरच व्हावयाची असल्यामुळे ते जवळून पाहण्याचा योग आला.

खोक्यातून निघालेले यंत्र प्रथमदर्शनी फारसे भीतिदायक दिसत नाही. मागे मुठीसह एक बसके इंजिन, पुढे पोलादाची चपटी, लांबट पट्टी, आणि तिच्या कडेच्या खाचेतून फिरणारी दातेरी साखळी. इतकाच त्याचा विस्तार. परंतु हेच इंजिन पूर्ण वेगात असता ती साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. इंजिन दोन फटक्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्याला वंगणाचा निराळा साठा नसतो, आणि म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावे लागते. प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते आणि ते पुस्तिकेप्रमाणेच पाळावयाचे असते: येथे ते एकास पन्नास होते, म्हणजे लिटरभर पेट्रोलला वीस मिलिलिटर. साखळीच्या वंगणाची टाकी वेगळी. त्या टाकीत गाडीचे जळके काळे ऑइल ओतण्याची काटकसर आपल्याकडे सर्रास होते. त्या ऑइलमधला धातूचा बारीक कीस पंप आणि पट्टी दोन्ही खातो, आणि वाचलेल्या रुपयांची भरपाई पुढे नव्या पट्टीच्या रूपाने करावी लागते.

चालू करण्याचा विधी मात्र पाहण्यासारखा असतो. यंत्र सपाट जमिनीवर ठेवावयाचे, साखळीचा ब्रेक पुढे ढकलून लावावयाचा, मागच्या मुठीत उजव्या पायाचा चवडा घालून डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरावयाची, चोक ओढावयाचा, आणि मग दोरी खेचावयाची. दोन-तीन हिसक्यांनंतर इंजिन एकदा खोकते. लगेच चोक सोडावयाचा, पुन्हा दोरी, आणि मग जो आवाज उठतो त्याने वाडीतली कुत्री परसाच्या टोकाला जातात. इंजिन संथ चालत असता साखळी स्थिर राहते, कारण मधला क्लच केंद्रोत्सारी बलावर चालतो व वेग वाढल्यावाचून साखळीला पकडत नाही. नव्या यंत्राची ही पहिली परीक्षा: मूठ सोडली असता साखळी सरपटत असेल, तर यंत्र दुकानात परत न्यावे.

पहिला ओंडका सुरूचा होता. सुरूचे लाकूड चिवट व कठीण. हातकरवतीने ते कापताना दोन माणसांचा दम निघतो. येथे पट्टी लाकडावर टेकली, इंजिनाच्या तोंडाशी असलेली दातेरी अडणी सालीत रुतली, आणि मागची मूठ किंचित उचलताच पट्टी आपल्याच वजनाने खाली उतरू लागली. दाबण्याची गरजच पडली नाही. खाली पडत होत्या त्या जाड, चपट्या, वळलेल्या कपच्या, तळहातावर घेतल्या तर एकेक निवडून मोजता येईल अशा. नंतर वाडीच्या बांधावर पडून राहिलेला जुना आंब्याचा बुंधा पुढे ओढला गेला. सालीत माती व वाळू भरलेली होती, आणि त्याचे दोन काप होतात न होतात तोच कपच्यांच्या जागी पिठासारखा भुसा उडू लागला, पट्टी तापली, कापातून धुराची रेघ निघाली. इंजिनाचा आवाज पूर्वीइतकाच दणदणीत होता. जन्मभर कुऱ्हाड चालवलेले एक वृद्ध गृहस्थ बाजूला बसून हे पाहत होते, ते म्हणाले, “काका, आवाज काय ऐकता? भुसा बघा. धार गेली.”

इंजिन, त्याची शक्ती, त्याचे सीसी ह्यांचीच चर्चा दुकानात होते, परंतु लाकूड कापतो तो साखळीचा दात, आणि ह्या यंत्राचा सारा इतिहास मला तरी त्या दाताच्याच शोधाचा इतिहास वाटतो. साखळीला दात बसवून कापण्याची युक्ती प्रथम सुचली ती लाकूडतोड्यांना नव्हे, शस्त्रवैद्यांना. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन व जेम्स जेफ्री ह्या स्कॉटिश वैद्यांनी हाडे कापण्यासाठी हाताने ओढावयाची सूक्ष्म दातेरी साखळी वापरली, आणि 1830 च्या सुमारास बर्नहार्ड हाइने ह्या जर्मन कारागिराने तीच साखळी पट्टीभोवती बसवून हातदांड्याने फिरवली. अरण्यात तिचा संचार झाला तो विसाव्या शतकात. स्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील ह्यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत केली. तिचे वजन चौसष्ट किलो होते आणि ती धरावयास दोन माणसे लागत. पुढल्याच वर्षी एमिल लेर्प ह्यांनी थुरिंगियातील डोलमार डोंगरावर पेट्रोलच्या करवतीची चाचणी घेतली, आणि तिला त्या डोंगराचेच नाव दिले. 1929 मध्ये श्टीलचीही पेट्रोलची करवत आली, वजन सेहेचाळीस किलो. एका माणसाला पेलण्याजोगी श्टीलची करवत होण्यास 1950 उजाडावे लागले, आणि 1959 च्या ‘कॉन्ट्रा’ नावाच्या यंत्रात हे वजन बारा किलोवर उतरले. दरम्यान पडद्याचा कार्ब्युरेटर आल्यामुळे यंत्र आडवे-तिडवे धरले तरी इंधन तुटेनासे झाले. जमिनीशी समांतर काप घेणे त्यानंतर सोपे झाले.

ह्या खटाटोपाच्या पूर्वार्धात दात मात्र जुनाच राहिला होता. हातकरवतीच्या दातांची नक्कल करून साखळीवर बसवलेले ते दात लाकूड ओरबाडीत, लवकर बोथट होत, आणि त्यांना धार लावण्यात कापण्याइतकाच वेळ जाई. 1946 च्या शरदात अमेरिकेच्या ओरेगन प्रांतातील जोसेफ बुफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडीत असता एका बुंध्यात त्याला बोटाएवढी जाड अळी दिसली. लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची ती अळी तंतूंच्या दिशेने आणि तंतूंच्या आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने मार्ग काढीत होती. तिच्या तोंडाशी दोन वक्र जबडे होते, आणि ते डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे आळीपाळीने चालत. कॉक्सने त्याच आकाराचा पोलादी दात घडवला, एक डाव्या कुशीचा, एक उजव्या कुशीचा, असे आलटून पालटून साखळीत ओवले, आणि 1947 मध्ये पोर्टलंड येथे त्या साखळीचे उत्पादन सुरू केले. आज आपल्या तालुक्याच्या दुकानात टांगलेल्या साखळीचा दात मूलतः तोच आहे. इंजिनांच्या कारखानदारांची नावे यंत्रावर ठळक रंगवलेली असतात; कॉक्सचे नाव कोठेच नसते, हा न्याय मला तरी पटत नाही.

ह्या दाताची रचना मोठी चतुर आहे. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, आणि तो धारेपेक्षा सुमारे अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली असतो. एका झपाट्यात दाताने लाकडाचा किती घास घ्यावा हे तो ठरवतो. कानस घासून दात झिजत जातो तसा हा फरक कमी होत जातो, म्हणून अधूनमधून उंचवट्यालाही सपाट कानस द्यावी लागते. अतिउत्साहाने ती जास्त दिली, तर साखळी लाकडाला हिसके देऊ लागते. धार लावावयाची ती गोल कानशीने, साखळीच्या मापाप्रमाणे चार ते साडेपाच मिलिमीटर जाडीच्या, सुमारे तीस अंशांच्या तिरक्या रेषेत, आतून बाहेर, पुढे ढकलतानाच दाब देऊन. परत आणताना कानस उचलून घ्यावयाची. डाव्या दातांना तीन फेऱ्या दिल्या तर उजव्यांनाही तीनच. हा हिशेब चुकला की काप सरळ न जाता एका अंगाला वळू लागतो. त्या वृद्ध गृहस्थांनी बागायतदारांकडून कानस घेतली, साखळी पट्टीवरच ताणून धरली, आणि ह्यापूर्वी असले यंत्र हाताळलेले नसतानाही अशा एका लयीत दात घासले की पुढच्या कापाला पुन्हा जाड कपच्या पडल्या.

सुरक्षिततेविषयी लिहिल्यावाचून हा मजकूर पुरा करणे गैर होईल, कारण आपल्याकडे हे यंत्र अर्धी चड्डी आणि रबरी स्लिपर ह्या पोशाखात चालवले जाते. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग हा ह्या यंत्राचा सर्वांत घातक भाग. तो लाकडाला लागला तर धावत्या साखळीची सारी शक्ती पट्टीला उलट, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकते, आणि ते इतक्या झटकन घडते की माणसाच्या सावधपणाला तेथे अवसरच मिळत नाही. पुढच्या मुठीसमोरचा जो पंजा असतो तो त्यासाठी: मनगटाचा धक्का लागताच किंवा नुसत्या हिसक्याच्या जडत्वाने तो साखळीला जागच्या जागी थांबवतो. परदेशांतले लाकूडतोडे मांडीवर लांब धाग्यांच्या थरांची विजार घालतात. साखळी लागलीच तर ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात व साखळी अडते. आपल्या दुकानदाराकडे ही विजार मागितली तर तो हसतो.

ओंडका दोन टोकांना टेकलेला असेल तर वरून सरळ कापत गेल्यास मध्यावर लाकूड मिटते आणि पट्टी चिमटते. तेथे वरून तिसरा हिस्सा कापून उरलेला काप खालून घ्यावा लागतो. एकाच टोकाला टेकलेल्या ओंडक्याला ह्याच्या उलट. पट्टी अडकलीच तर लाकडी पाचर ठोकावी, लोखंडी कदापि नाही.

वेगाबद्दल एक गोष्ट मनात येते. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा वगैरे अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. परंतु कोकणात कायद्याहून बलवान पहारा भाऊबंदांचा असे. सामाईक आंब्यावर कुऱ्हाड पडू लागली की तिचा आवाज दिवसभर गावभर घुमे, आणि झाड पडण्यापूर्वी एखादा हिस्सेदार सातबारा घेऊन बांधावर हजर होई. आता झाड दुपारच्या जेवणाआधी आडवे होते, व हिस्सेदाराला त्याची वार्ता लागते ती फाटी रचून झाल्यावर.

कुऱ्हाडीची मात्र ह्या यंत्राने सुटका केलेली नाही. ते लाकूड आडवे कापते. उभे फोडण्याचे काम त्याच्याकडून करवून घेणे म्हणजे साखळी आणि पेट्रोल दोन्हींची नासाडी. संध्याकाळी पडलेली खांडकी अखेर त्या वृद्ध गृहस्थांच्याच पुढ्यात आली, आणि तंतूंची दिशा पाहून ती त्यांनी फोडली. इकडे बागायतदारांनी टाकीतले उरलेले पेट्रोल काढून घेतले व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दमट हवेत पाणी ओढते आणि पावसाळाभर कार्ब्युरेटरमध्ये राहिल्यास त्याची नासाडी करते. तापलेली साखळी त्यांनी सैल केली. तशीच ताणून ठेवली असती तर थंड होताना आखडून तिने पट्टीवर व इंजिनाच्या दांड्यावर ताण आणला असता.

एवढ्यात यंत्र उसने मागणारे दोघे-तिघे वाडीतून येऊन गेले होतेच. बागायतदारांनी कोणाला नाही म्हटले नाही. अट एकच घातली: यंत्र घेऊन जावे, साखळी ज्याची त्याने आणावी.