आषाढाची तरतूद कार्तिकात

नेरळ परिसरातील भातशेती करणाऱ्या एखाद्या घराचा जमाखर्च वहीच्या एका पानावर मांडला, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पैसा येतो तो कार्तिक-मार्गशीर्षात, मळणी आटोपल्यावर. आणि जातो तो ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत. बियाणे, खत, चिखलणीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर, लावणीची मजुरी, मुलांची वह्या-पुस्तके, घरावरची कौले, पावसाळी दुखणी आणि सरतेशेवटी गणपती, हे सारे खर्च त्या चार महिन्यांत एकमेकांच्या पाठीस पाठ लावून उभे राहतात. वर्षाची एकूण बेरीज पुष्कळदा दिसते तितकी वाईट नसते. तरीही घर कर्जात जाते. आवक आणि खर्च ह्यांच्यामध्ये सात-आठ महिन्यांचे अंतर असते व ते भरून काढण्याची योजना घरात झालेली नसते, हे त्याचे मुख्य कारण होय.

ह्या अंतरावर चालणारा धंदा फार जुना आहे. आषाढात कणगी रिकामी झाली की कुळाने सावकाराच्या ओटीवर जावे, भात उसने आणावे आणि नवे भात हाती येताच ते सवाईने किंवा दिढीने परत करावे, अशी रीत होती. सवाई म्हणजे मणास सव्वा मण, आणि दिढी म्हणजे मणास दीड मण. ऐकताना हे मोठे वाटत नाही. परंतु पाच महिन्यांत शेकडा ५० वाढ म्हणजे वर्षाच्या हिशेबाने शेकडा १२० व्याज झाले. नव्या भाताचा मोठा वाटा खळ्यावरूनच सावकाराकडे गेला की पुढल्या आषाढात कणगी पुन्हा रिकामी, आणि पुन्हा तीच ओटी.

ह्या फेऱ्यावरचा एक उपाय ह्याच तालुक्यात शोधला गेला, ही गोष्ट आज थोड्यांनाच ठाऊक असेल. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल ह्यांचा जन्म १९१२ साली माथेरानला झाला. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील ह्यांच्यासह त्यांना वीरमरण आले, हा इतिहास शाळेतील मुलेही सांगतात. त्यापूर्वी ह्या तरुण वकिलाने कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी धान्यकोठीची कल्पना अमलात आणली होती. सुगीत सर्वांनी मिळून भात साठवावे, आणि अडचणीच्या दिवसांत गरजूने सावकाराच्या दाराऐवजी कोठीच्या दाराशी जावे, असा तिचा सरळ अर्थ होता. वकिली शिकलेल्या माणसाने सावकारीविरुद्ध केवळ कायद्याचे कलम न शोधता भाताची रास उभी केली, हे त्याचे शेतीचे ज्ञानच म्हणावे लागेल.

चार गोण्यांचा हिशेब

आज दिढीची जागा बहुतांशी पैशाच्या कर्जाने घेतली आहे. परंतु कार्तिकात विकून आषाढात विकत घेण्याची सवय मात्र गेलेली नाही. तिची किंमत एकदा आकड्यांत पाहावी. पाच माणसांचे घर धरू. दर माणशी दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ म्हटला तर रोज २ किलो, आणि जून ते सप्टेंबर ह्या १२२ दिवसांत २४४ किलो तांदूळ लागेल. अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर दर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळत असेल व ते सारे तांदूळ आहे असे धरले, तर चार महिन्यांचे १०० किलो त्यातून जातील. राहिले १४४ किलो. शंभर किलो भातापासून सुमारे ६६ किलो तांदूळ पडतो. म्हणजे एवढ्या तांदळास सुमारे २१८ किलो भात, साधारण चार गोण्या, लागते.

आता हेच भात मळणीच्या आठवड्यात घाईने दारावरच्या व्यापाऱ्यास, उदाहरणादाखल, १९ रुपये किलोने दिले तर ४,१४२ रुपये हाती येतात. पुढे श्रावणात दुकानचा तांदूळ ४५ रुपये किलोने आणला तर त्याच १४४ किलोला ६,४८० रुपये मोजावे लागतात. गिरणीची भरडाई वजा केली तरी दोन हजारांच्या आसपास रक्कम विनाकारण घराबाहेर गेली. कोंडा-तूसही कोंबड्यांच्या वाट्यास आला नाही. दर गावोगाव निराळे असतील, म्हणून प्रत्येकाने आपल्या दरांनी हे गणित पुन्हा करून पाहावे. दोन हजार ही रक्कम कोणास लहान वाटेल. जून महिन्यात ती उसनी मागावयास निघालेल्या माणसाला ती लहान वाटत नाही.

तेव्हा पहिली पायरी अशी, की खळ्यावरून काहीही विकण्याआधी ह्या चार गोण्या मोजून बाजूस काढाव्यात. भात चांगले वाळलेले हवे. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. दमट भात कणगीत भरले की बुरशी व सोंडे त्याचा फडशा पाडतात आणि साठवण्याची सारी पद्धतच बदनाम होते. कणगी शेणमातीने आतून-बाहेरून सारवून, कडक वाळवून, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवावी. पत्र्याची कोठी असल्यास ती ओलसर भिंतीपासून दूर असावी.

उरलेले भात विकतानाही घाई करू नये. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली होती. खरेदी केंद्रावर हा भाव मिळण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते व त्यासाठी सात-बाराचा उतारा, आधार कार्ड व बँकेचे पासबुक जवळ लागते. नोंदणीची मुदत टळून गेल्यावर धावपळ करणारे शेतकरी दरवर्षी दिसतात. गावकार्यकर्त्याने दसऱ्यापूर्वीच घरोघर ही आठवण दिली, तर तेवढ्या एका कामानेही त्याचे वर्ष सार्थकी लागेल. ज्यांना भाव चढेपर्यंत थांबावयाचे आहे पण हातात रोकड नाही, त्यांच्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालविली आहे. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ठराविक हिश्श्याइतके कर्ज तीत मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे काय, ह्याची चौकशी मात्र सुगीपूर्वी करावी.

जुन्या शेतकऱ्यांची आणखी एक युक्ती मोडीत निघत आहे. सारे क्षेत्र गरव्या भाताखाली न घालता एखाद-दुसऱ्या वरच्या खाचरात ते हळवे भात घेत. गरव्याच्या आधी महिनाभर ते हाती येई आणि भाद्रपद-आश्विनाची ओढ संपे. १९१९ साली सुरू झालेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने पुढे कर्जत-३ सारख्या हळव्या जाती दिल्या आहेत. दोन-तीन गुंठे तरी त्यासाठी राखून ठेवावेत.

न केलेला खर्च

उत्पन्न वाढविण्याआधी खर्च कमी करणे सोपे असते, कारण त्याला पाऊस वा बाजारभाव ह्यांची परवानगी लागत नाही. बियाण्यापासून आरंभ करता येईल. सुधारित सरळ जातीचे शुद्ध बियाणे एकदा आणले की निवडक लोंब्या राखून ते पुढली दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते; संकरित जातींच्या बाबतीत मात्र हे चालत नाही. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावेत.

खताच्या बाबतीत डॉ. नारायण सावंत ह्यांची चारसूत्री पद्धत कोकणात अनेकांनी पारखली आहे. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्यास ३० किलो चिखलणीपूर्वी खाचरात पसरावा, आणि लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एकेक गोळी हाताने खोचावी. फेकून दिलेले युरिया पुराच्या पाण्याबरोबर उल्हास नदीस मिळते. गोळी मुळाशी राहते. हाताचे काम वाढते हे खरे, पण पोत्यामागचे पैसे वाचतात.

सर्वांत मोठा खर्च चिखलणी व लावणीचा. तो टाळण्याचा प्रयोग नेरळजवळच्या सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी केला व तो सगुणा तंत्र म्हणून राज्यभर गेला. ह्या पद्धतीत गादीवाफे एकदाच तयार करतात; त्यानंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटरवर भोके पाडून त्यांत बी टोकतात. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात आणि त्याच वाफ्यांवर वाल किंवा हरभरा घेतात. ह्या पद्धतीचे खरे आव्हान तणाचे आहे. तण वेळीच आवरले नाही तर वाचलेली मजुरी निंदणीत जाते. आणि तणनाशक वापरावयाचे तर कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला विचारूनच वापरावे. म्हणून पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवर पाहावे, सगळे शेत एकदम त्यात घालू नये.

भातानंतर जमिनीत ओल शिल्लक असते ती वाया जाऊ देणे हीही एक उधळपट्टीच. ह्या ओलीवरचा कडवा वाल पाण्याच्या पाळीशिवाय पोसतो. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर शिराळी, पडवळ, काकडी चढली की घरची भाजी भागून उरलेली नेरळच्या बाजारात जाते. असा पैसा थोडा, पण ऐन टंचाईच्या महिन्यांत येतो. तो घरातल्या बाईच्या हाती राहिला तर मीठ-मिरची व औषध ह्यांसाठी दुकानात उधारीची वही उघडावी लागत नाही.

कर्ज घ्यावेच लागले तर

कर्ज वाईट नव्हे; ते कोठून, कशासाठी व किती व्याजाने घेतले हे पाहावयाचे. खाजगी देणेकऱ्याकडून शेकडा ५ रुपये दरमहाने २०,००० रुपये घेतले, तर सहा महिन्यांत व्याजच ६,००० रुपये होते. तेच पीककर्ज विविध कार्यकारी सोसायटीमार्फत किंवा किसान क्रेडिट कार्डावर घेऊन मुदतीत फेडले, तर ३ लाख रुपयांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ते बिनव्याजी पडते. 'मुदतीत' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. फेडीची तारीख घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावी. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये गुन्हा आहे. अशी तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

पीककर्जाचा पैसा हळदी-लग्नात जाणे, ही ह्या भागातील जुनी दुखरी जागा आहे. एका रात्रीच्या मंडपासाठी पाच वर्षांचे हप्ते ओढणारी घरे प्रत्येक गावात दाखविता येतील. लग्नाची बचत निराळी करावी. भाताच्या कर्जाला हात लावू नये.

जमिनीच्या पैशाबद्दलही येथेच बोलणे बरे. मुंबईची माणसे फार्महाऊससाठी इकडे जागा घेऊ लागल्यापासून अनेक घरांत एकदम मोठी रक्कम आली आणि तितक्याच वेगाने गेली. जमीन विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे. ते भांडवल आहे आणि त्याचे फक्त व्याज खर्चावयाचे असते. शिवाय १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास बंधन आहे. शेवटचा गुंठाही विकून टाकणाऱ्याला पुढे जमीन घेताना आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करणे जड जाते.

पुन्हा कोठी

धान्यकोठीची कल्पना आज बचत गटांना सहज उचलता येईल. समजा गटात १५ बायका आहेत आणि प्रत्येकीने मळणीनंतर ४० किलो भात जमा केले; तर ६०० किलो भात गावात उभे राहिले. आषाढात ज्या घरास गरज आहे त्याला त्यातून द्यावे. कार्तिकात ४० किलोला ४ किलो वाढ घेऊन परत घ्यावे. ही वाढ उंदीर, तूट व घट ह्यांसाठी पुरेल, आणि वर काही उरले तर ते कोठीचेच राहील.

अशा कोठ्या बुडतात त्या बहुधा तीन कारणांनी. घेणाऱ्याने परत आणलेले भात पोचट किंवा ओले असते. वही एकाच माणसाकडे असते. किंवा जुने भात तसेच पडून राहते. म्हणून भात घेताना सर्वांसमक्ष पाखडून व दाताखाली धरून पाहावे. कुलपे दोन असावीत आणि त्यांच्या किल्ल्या दोन घरांत. उसने न गेलेले भात नव्या सुगीपूर्वी विकून रक्कम गटाच्या खात्यात भरावी. लिहिता न येणाऱ्या सभासदांसाठी प्रत्येकीच्या नावाची एकेक पिशवी टांगून, जितक्या पायल्या तितके चिंचोके तीत टाकले तरी हिशेब चोख राहतो. आठवड्याला शाळेतल्या मुलीने ते मोजून वहीत उतरवावेत.

गावकार्यकर्त्याने पहिल्या बैठकीस येताना काटा, एक वही व दोन कुलपे बरोबर आणावीत. बैठक कापणी संपून मळणी सुरू होण्याच्या आठवड्यात बोलवावी. तेव्हा भात खळ्यावर असते आणि व्यापाऱ्याचा टेंपो अजून गावात शिरलेला नसतो.