तोंड पाहून वाढा!

नवा समुद्री मासा टँकमध्ये सोडला की घरातला प्रत्येक जण येता-जाता एकच विचारतो, "खाल्लं का त्याने काही?" बहुतेक वेळा उत्तर असतं, नाही. मासा दगडाआड तोंड खुपसून बसलेला आणि वरून टाकलेले महागडे दाणे तळाशी भिजत पडलेले. "फार नखरेल आहे हो," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण प्रवाळखडकावर वाढलेल्या माशाने जन्मात कधी दाणा पाहिलेला नसतो. पाण्यातून गुपचूप खाली येणारी तपकिरी गोळी त्याच्या लेखी निव्वळ कचरा. समुद्रात त्याचं अन्न वळवळतं, पळतं, फटीत दडतं, नाहीतर दगडाला चिकटलेलं असतं. त्यामुळे नव्या माशाला जेवायला लावायचं म्हणजे आधी त्याचं तोंड नीट बघायचं. लांब, आखूड, वर वळलेलं, चोचीसारखं, नळीसारखं. मेन्यू तिथेच लिहिलेला असतो.

उपास आधीपासूनचा

मासा आपल्या घरी येतो तोच उपाशी. परदेशातून मासे पाठवणारे निर्यातदार पॅकिंगच्या आधी एक-दोन दिवस त्यांना मुद्दाम खायला देत नाहीत, म्हणजे पिशवीतलं पाणी विष्ठेने खराब होत नाही. मग विमान, घाऊक व्यापारी, दुकान आणि शेवटी आपला दिवाणखाना. एवढ्या धावपळीत शरीरात ताणाची रसायनं वाढतात आणि भूक मरते. पोट रिकामं असलं तरी मासा जेवणाकडे ढुंकून बघत नाही.

त्यात बहुतेक माशांना पापण्याच नसतात. अंधाऱ्या खोक्यातून थेट झगझगीत एलईडीखाली आणलं तर बिचारा डोळे तरी कुठे मिटणार? म्हणून पहिल्या दिवशी टँकचे दिवे बंद ठेवावेत आणि काचेवर बोटाने टकटक करणाऱ्या बच्चेकंपनीला दुसऱ्या खोलीत पाठवावं.

पिशवीतला गनिमी कावा

लांबच्या प्रवासात पिशवीत दोन गोष्टी साठतात, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. गंमत म्हणजे त्यातली दुसरी पहिलीला आवर घालते. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकतं आणि अशा पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की हा वायू उडून जातो, पाण्याचा सामू चढतो आणि मघाचा सभ्य अमोनिया एकदम जहाल होतो. पिशवी उघडून तासन्‌तास थेंबथेंब पाणी मिसळत बसणं जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला चालतं. दीड दिवस प्रवास करून आलेल्या माशाच्या मात्र कल्ल्यांवर बेततं, आणि कल्ले पोळलेला मासा जेवणार कसा?

मासाही पाणी पितो

गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, ते त्याच्या अंगात आपोआप शिरतच असतं. खाऱ्या पाण्यात उलटा मामला. तिथे अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं, म्हणून समुद्री मासा सतत समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दुकानाच्या आणि तुमच्या टँकच्या क्षारतेत मोठा फरक असला तर माशाची सगळी शक्ती या मीठ-पाण्याच्या हिशेबात खर्च होते आणि जेवण राहून जातं. आणताना दुकानदाराला क्षारता विचारून घ्यावी.

तिसऱ्यांची मेजवानी

उपोषणाला बसण्यात कॉपरबँड बटरफ्लायचा हात कोणी धरणार नाही. चांदीसारख्या अंगावर नारिंगी पट्टे, पाठीच्या परावर शत्रूला चकवणारा खोटा डोळा आणि चिमट्यासारखं लांबोडकं तोंड. हे तोंड खडकाच्या भेगांतून किडे उपसण्यासाठी घडलेलं आहे. मोकळ्या पाण्यात तरंगणारा दाणा टिपणं त्याच्या खानदानातच नाही.

अशा वेळी परदेशी डबाबंद खाद्यापेक्षा आपला मासळीबाजार जास्त उपयोगी पडतो. ताज्या तिसऱ्या आणायच्या, स्वच्छ धुवायच्या आणि एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायच्या. त्याने परजीवींचा धोका कमी होतो आणि शिंपला उघडणंही सोपं जातं. मग एकच तिसरी सुरीने उघडून, मांस शिंपल्याला चिकटलेलंच ठेवून, दगडाच्या कपारीशी टेकवून ठेवायची. हळद, तिखट, खोबरं काही नाही, हे मालवणी घरात वेगळं सांगावं लागतं.

यानंतरची वेळ बघण्यासारखी असते. मासा आधी लांबून एक फेरी मारतो. मग अंग तिरकं करून एका डोळ्याने शिंपल्याकडे रोखून बघतो. निघून जातो, परत येतो. चोच मांसाला लावतो, झटक्यात मागे सरतो. थोड्या वेळाने एक लहानसा तुकडा ओढून काढतो आणि थुंकतो! इथे अनेक जण हात टेकतात. खरं तर थुंकणं हे शुभचिन्ह आहे. माशाला हात नाहीत, वस्तू चाचपून बघायची तर ती तोंडातच घ्यावी लागते. एकदा थुंकलेला तुकडा तो बहुधा पुन्हा उचलतो. दोन-तीन तासांत तिसरी संपली नाही तर मात्र काढून टाकायची, नाहीतर पाणी वास मारू लागतं.

कॉपरबँडची आणखी एक शोकांतिका आहे. टँकमध्ये एप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल तणासारखं माजतं. ते हा मासा आवडीने खातो, म्हणून लोक त्याला आणतात. तण संपतं, मालक खूश होतात आणि मासा उपाशी मरतो. कामाला आणलेल्याच्या जेवणाची सोय कामाआधी बघावी, एवढा तरी व्यवहार पाळायला हरकत नाही.

दिवसभर चणे-फुटाणे

मँडरिन हा टँकमधला सर्वात नटवा मासा. त्याचा निळा रंग अस्सल आहे. प्राण्यांतला निळा रंग बहुतेक वेळा प्रकाशाच्या खेळातून दिसतो, पण मँडरिनच्या त्वचेत खरोखरीच्या निळ्या रंगद्रव्याच्या पेशी आहेत. पृष्ठवंशी प्राण्यांत अशी उदाहरणं अगदी मोजकी. खाणं मात्र रंगाच्या मानाने अगदी साधं. कोपेपॉड नावाचे जेमतेम मिलिमीटरभराचे जीव तो दगडावरून एकेक करून टिपत राहतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दोन वेळचं ताट त्याला झेपत नाही. नव्याकोऱ्या टँकमध्ये हे जीव पुरेसे नसतात, म्हणून जाणकार मंडळी टँक चांगला मुरल्यावरच मँडरिन आणतात आणि शेजारी हिरव्या पाण्याच्या बाटलीत कोपेपॉडची शेती करतात.

सी-हॉर्सचं याहून कठीण. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेलं अन्न भराभर पुढे सरकतं, म्हणून सतत खात राहणं भाग. शिकारीत मात्र वस्ताद. त्याच्या डोक्याच्या ठेवणीमुळे नळीसारख्या तोंडासमोरचं पाणी जवळजवळ हलतच नाही, भक्ष्याला चाहूल लागत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुटक्या सी-हॉर्सच्या संथ पाण्यातल्या दहापैकी नऊ झडपा यशस्वी ठरल्या होत्या. हे सगळं वाचून हुरळून जाऊ नका. भारतात सी-हॉर्सला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. कोणी लपूनछपून विकत असेल तर तिथून काढता पाय घ्यावा.

चंद्राकडे जाऊन आलेलं खाद्य

हट्टी माशाचं तोंड पहिल्यांदा उघडायला हौशी मंडळींचा हुकमी एक्का म्हणजे जिवंत ब्राइन श्रिम्प, अर्थात आर्टेमिया. त्याची अंडी कोरडी असताना वर्षानुवर्षं टिकतात. अपोलो १६ आणि १७ या मोहिमांत ती चंद्राच्या वारीलाही जाऊन आली. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून ती जगभर जातात, पण आर्टेमियाची नोंद आपल्या सांभर सरोवरात आणि मुंबईच्या मिठागरांतही झालेली आहे.

उबवायला प्रयोगशाळा लागत नाही. कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगून बूड कापायचं, खारं पाणी भरायचं, चिमूटभर अंडी टाकायची आणि खालून हवेची नळी सोडायची. २८ अंशांच्या आसपास तापमान असलं की साधारण एका दिवसात पाणी फिकट नारिंगी दिसू लागतं. मुंबईत हीटरचा खर्च वाचतो! मग हवा बंद करून बाटलीच्या तोंडाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात आणि अर्ध्या मिलिमीटरची पिल्लं प्रकाशाकडे झेपावत खाली गोळा होतात. ती लगेच खायला घालायची, कारण पिल्लाच्या अंगात जन्मताना शिदोरीसारखं असलेलं पौष्टिक पिवळं बलक तासागणिक खर्च होत जातं. पूर्ण वाढलेला आर्टेमिया चमचमीत खरा, पण पोषणाच्या नावाने जरा पोकळच. भूक उघडायला उत्तम, रोजच्या जेवणाला मायसिस (कोळंबीसारखे चिमुकले जीव) किंवा बारीक चिरलेली कोळंबी बरी. धुऊन गोठवलेला ओला जवळाही मध्यम आकाराच्या माशांना मस्त चालतो. सुका खारवलेला नको.

नाचेल तेच खरं

लायनफिशच्या लेखी न हलणारी वस्तू म्हणजे दगड. त्याला कोळंबीचा तुकडा पारदर्शक काडीच्या टोकाला लावून समोर नाचवावा लागतो. आधी जिवंत कोळंबी, मग काडीवरची मेलेली, मग नुसता तुकडा, असं टप्प्याटप्प्याने. सोपं पडतं म्हणून रोज गोल्डफिश खायला घालू नयेत. त्यांच्यात 'ब १' जीवनसत्त्व नष्ट करणारं एक विकर असतं.

पफर माशाची अडचण वेगळी, त्याचे दात आयुष्यभर वाढतात. त्याला तिसऱ्या, कोळंबी कवचासकट वाढा, नाहीतर दात वाढून तोंडच उघडेनासं होतं.

आरसा लावा, भांडण मिटवा

पुष्कळदा नव्या माशाला भूक असते, पण जुने रहिवासी जेवू देत नाहीत. टँग जातीचे मासे यात आघाडीवर, शेपटीच्या बुडाशी धारदार पातं घेऊनच फिरतात. यावर स्वस्त तोडगा म्हणजे काचेच्या बाहेरून आरसा लावणे. दादा टँग स्वतःच्याच प्रतिबिंबाशी हुज्जत घालत बसतो, तेवढ्यात नवा पाहुणा चार घास खाऊन घेतो. टँग स्वतः शाकाहाराकडे झुकलेला. सुशी गुंडाळायचा नोरीचा साधा, बिनमसाल्याचा कागद चिमट्याने काचेला लावला की शेळीसारखा चरतो. गरीब स्वभावाचा, खादाड शेजारी मात्र जरूर असावा. दुसरा खाताना दिसला की बुजरे मासेही पुढे सरसावतात.

आरशावरून आठवलं. क्लीनर रास नावाचा बोटाएवढा मासा आरशात स्वतःला ओळखतो, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने सुचवलं. गळ्यावर लावलेला ठिपका आरशात दिसताच तो गळा तळाशी घासू लागला होता. पण इतका हुशार मासा टँकमध्ये बऱ्याचदा खंगतो, कारण त्याचं अन्न म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि बुळबुळीत थर. चार माशांच्या टँकमध्ये त्याला गिऱ्हाईक मिळणार किती? 'फाइंडिंग निमो'मधल्या गिलची जात, मूरिश आयडॉल, खाण्याच्या बाबतीत अशीच अवघड, स्पंजांवर जगणारी. नारिंगी ठिपक्यांचा फाइलफिश तर प्रवाळाचे जीव खाऊन खाऊन प्रवाळासारखाच वास मारतो आणि शत्रूला चकवतो. या तिघांना दुकानातच नमस्कार करावा.

लसणीची जादू, थोडी खरी

खाद्य लसणीच्या रसात बुडवून द्यायची पद्धत जगभर आहे. उग्र वासाने काही मासे खरंच खाद्याकडे वळतात. लसणीने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बरा होतो हा दावा मात्र फोडणीतच ठेवलेला बरा. जोराने श्वास घेत, अन्नाला न शिवता पडून राहिलेल्या माशाला रोग असण्याची शक्यता जास्त. तिथे वेगळा टँक आणि औषध हवं.

आधी जेवताना दाखवा

फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकात शोभेचे मासे पकडायला सायनाइड फवारण्याची पद्धत सुरू झाली. गुंगलेला मासा हाती येतो, दिसायला छान असतो आणि पुढे खंगत जातो. म्हणून खरेदीचा नियम एकच, दुकानदाराला सांगायचं, "आधी खाताना दाखवा." ज्यांना ही कटकटच नको त्यांनी हॅचरीत जन्मलेला क्लाऊनफिश आणावा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं प्रजनन साधलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही त्याची हॅचरी आहे. ही पिल्लं पहिल्यापासून माणसाच्या हातचं खातात, त्यामुळे दाणा बघितला की पृष्ठभागावर गर्दी करतात.

मध्यम बांध्याचा, पोट भरलेला मासा दोन-चार दिवस जेवला नाही तर हाय खाऊ नये. डोक्यामागची पाठ खपाटीला गेली, पोट आत ओढलं गेलं, की मात्र घाई करावी.

एका माशाच्या उपासाची काळजी मुळीच नको. बांगाई कार्डिनलचा नर अंडी आणि नंतर पिल्लं स्वतःच्या तोंडात सांभाळतो आणि तेवढे तीन-चार आठवडे अन्नाला शिवत नाही. हनुवटी फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं, मधूनच जबडा हलवून अंडी फिरवतोय, असं दिसलं तर त्याच्यासमोर काही नाचवू नका. बाळंतपण चालू आहे.