ब्रेक किती तापला? नेम धरून विचारा

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, कपाळासमोर धरायचे ते पिस्तुलासारखे यंत्र आपण सर्वांनी पाहिले. त्याचाच गॅरेजमधला भाऊ म्हणजे इन्फ्रारेड तापमापक. हात न लावता तो पृष्ठभागाचे तापमान सांगतो. आमच्या घरचा धंदा ट्रकचा. त्याचे खरे मोल मला कळले ते धामनोदला.

धामनोद मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, अहिल्याबाईंच्या महेश्वरजवळ. इंदूरहून मुंबईकडे येणारा रस्ता माळव्याचे पठार सोडून गणपती घाटातून इथे निमाडात उतरतो. ब्रेक निकामी होऊन या घाटात अनेकांचे जीव गेले. उतरणीसाठी २०२४ मध्ये वळणरस्ता खुला झाला, तरी भरल्या गाडीचे ब्रेक तापायचे ते तापतातच. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर सरकतो आणि पेडल दाबूनही पकड येत नाही.

म्हणून घाट उतरल्यावर आमचे दादा गाडी बाजूला लावून लगेच सगळे ड्रम मोजतात. एकाच ॲक्सलच्या दोन बाजूंत मोठा फरक आला, तर थंड चाकाचा ब्रेक लागत नसेल किंवा तापलेल्या चाकाचा घासत असेल. दोन्ही धोक्याचेच.

आकडा खरा यावा म्हणून काही गोष्टी सांभाळाव्यात. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. त्यामुळे तापलेले ॲल्युमिनियमही थंड भासते. मोजायचा तो गंजका, काळपट ड्रम. घरी पाहायचे तर ज्वारीच्या भाकरीचा काळा तवा, म्हणजे आपला हंचु, बरोबर आकडा देतो. चकचकीत स्टीलचे पातेले फसवते.

लाल ठिपका फक्त नेम दाखवतो. यंत्रावर १२:१ लिहिले असेल तर ६० सेंटिमीटरवरून ते ५ सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी घेते. वर्तुळात टायर आला तर आकडा चुकला. म्हणून जवळून, शक्य तितके समोरून आणि प्रत्येक चाकाची तीच जागा मोजावी. काचेतून किंवा वाफेतून मोजू नये. एसी केबिनमधून काढलेले यंत्र थोडा वेळ बाहेरच्या हवेत ठेवावे.

मात्र उतरणीला हे यंत्र वाचवत नाही. तिथे आधीच लहान गिअर टाकावा आणि जळका वास आला की सुरक्षित जागा पाहून थांबावे. घरी वाट पाहणाऱ्यांना उशीर चालतो.